लतीफाच्या वर्गात काय शिजत होते

विश्वास ठेवणाऱ्या माणसांकडे किस्से साठत नाहीत. समोरच्याने सांगितले, यांनी मान डोलावली, संपले! किस्से साठतात ते संशय घेणाऱ्यांकडे. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक. उत्तर आले तरी ताळा करून पाहिल्याशिवाय आमचे गुरुजी पाटी खाली ठेवू देत नसत. ती सवय पुढे गणितापुरती राहिली नाही. भाजीवाल्यापासून हृदयरोगतज्ज्ञापर्यंत प्रत्येकाच्या बोलण्याचा मी ताळा करून पाहिलेला आहे. त्यातून जे हाती लागते त्याला माझा मुलगा "आईचे किस्से" म्हणतो. मी त्यांना निरीक्षणे म्हणते.

यातली बरीचशी निरीक्षणे एकाच ठिकाणची आहेत. रीडिंगहून बसने जाता येईल अशा एका गावी, थेम्सच्या काठावर, एक फार जुने हॉटेल आहे. तिथे मोरोक्कोचा पारंपरिक स्वयंपाक शिकवतात. गेल्या शरद ऋतूत दर मंगळवारी आम्ही तिघी तिथे जात होतो: मी, माझी मैत्रीण मालती आणि नागपूरची विमल. हॉटेलाचे नाव मी सांगणार नाही. का, ते दारावरची पाटी वाचली की कळेल.

*

हॉटेल इतके जुने की त्यातली एकही रेघ सरळ नाही. काळ्या तुळया, बुटकी दारे, आणि जमीन अशी कललेली की टेबलाच्या पायांखाली लाकडाच्या चकत्या सरकवलेल्या. दारावर पितळी पाटी आहे: या वास्तूत एका राजाने रात्र काढली होती. कोणत्या राजाने, ते पाटीवर नाही. मला तिथेच खटकले.

"कोणता राजा?" मी मॅनेजर मिस्टर हारवुड यांना पहिल्याच दिवशी विचारले. (तिथली सगळी संभाषणे अर्थातच इंग्रजीत होत, मी ती मराठीत देते आहे.)

"मॅडम, त्याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत."

"आणि रात्र काढली याबद्दल?"

मिस्टर हारवुड यांनी टाय सरळ केला. "पाटी फार जुनी आहे," ते म्हणाले.

विमल त्या कललेल्या जमिनीवरून जपून पावले टाकत होती. ती मराठीत म्हणाली, "कुसुमताई, कशाला विचारता जी? इथं झोपलेला माणूस सकाळी घरंगळत भलत्याच खोलीत निघत असेल. सांगेल कसा बिचारा, कुठं होतो ते!"

इंग्रजी हॉटेलात मोरोक्कोचा स्वयंपाक का, हाही प्रश्न मी विचारला. पूर्वीची मालकीण एक इंग्रज बाई होती. ती अनेक वर्षे फेझ शहरात राहिली आणि परतताना तिथली स्वयंपाकीण सोबत घेऊन आली. तेव्हापासून वर्ग सुरू आहेत, असे उत्तर मिळाले. स्वयंपाकीण स्वखुशीने आली का, असे मी विचारणार होते. पण मालतीने माझा कोट ओढला.

*

आता आम्ही तिथे का गेलो, ते सांगते. हौस म्हणून गेलो नाही.

मालती तिच्या यजमानांच्या पश्चात रीडिंगच्या घरात एकटी राहते. एकदा तिने दूध तापत ठेवले, दारात पार्सलवाला आला, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करण्यात मालती रमली, आणि आत पातेले जळून कोळसा झाले. धुराचा अलार्म वाजला, शेजाऱ्यांनी मुलाला फोन केला. मुलगा शेखर आणि सून ऋचा दोघेही आयटीत. घाबरून धावत आले. त्याच आठवड्यात मालतीच्या गॅसला किल्लीचा व्हॉल्व्ह बसला. किल्ली शेखरच्या खिशात!

"दूध उतू गेलं," मालती म्हणाली. "तुझ्या जन्माच्या आधीपासून जातंय."

"आई, विषय दुधाचा नाहीये," शेखर म्हणाला. "तू विसरतेस."

ठरले ते असे. मालतीने सीझनभर त्या हॉटेलातला वर्ग करावा. शेवटच्या मंगळवारी घरच्यांना जेवायला बोलावतात. त्या दिवशी तिने एकटीने, कोणाच्या मदतीशिवाय, पूर्ण पदार्थ करून वाढावा. जमले तर गॅसची किल्ली परत. नाही जमले तर घर विकून एकट्या वृद्धांसाठीचा शेल्टर्ड फ्लॅट. तिथे रोज दुपारी जेवणाची ट्रॉली येते, आणि खोलीत गॅस नसतो, फक्त किटली.

दोन दिवसांनी ऋचाचा मला फोन आला. "काकू, तुम्ही पण जॉइन करा ना, प्लीज. तुमच्याइतकं ऑब्झर्वंट कोणीच नाहीये. आईंना कळू न देता जस्ट नोटिस करा, त्या काय विसरतात ते. आणि मला सांगा."

एखाद्याने आपली योग्यता इतक्या अचूकपणे ओळखल्यावर नकार देणे अशिष्टपणाचे झाले असते. मी होकार दिला.

*

शिकवणाऱ्या बाईचे नाव लतीफा. पन्नाशीची, उंच, कपाळाला घट्ट रुमाल. ती फेझच्या त्या स्वयंपाकिणीची मुलगी. पण तोंड उघडले की रीडिंगच्या बसड्रायव्हरसारखे इंग्रजी! मला ही तफावत संशयास्पद वाटली.

"तुमचा जन्म कुठला?" मी विचारले.

"इथलाच. याच हॉटेलच्या मागच्या कॉटेजमधला."

"म्हणजे तुम्ही मोरोक्कोच्या नाही."

लतीफा गाजरे सोलत होती. तिने वर न पाहता विचारले, "तुम्ही कुठल्या?"

"पुण्याची."

"आणि राहता?"

"रीडिंगला. मुलगा प्रायमरी स्कूलला होता तेव्हापासून."

"तो आता काय करतो?"

"रिटायरमेंटच्या गोष्टी करतो," मी म्हटले.

"मग तुम्ही पुण्याच्या कशा?"

विमल माझ्या कानाशी आली. "विचारा ना आता पुढचा प्रश्न. थांबल्या काहून?"

*

लतीफाच्या मसाल्याचे नाव रास एल हानूत. बरणीचे झाकण उघडताच मी सुंठ, दालचिनी, जायपत्री आणि पिंपळी ओळखली. विमल म्हणाली, "हा तर आपला गोडा मसालाच आहे, फक्त पासपोर्ट वेगळा!" पण त्यात आणखी काहीतरी होते, जे नाकाला लागत होते आणि ओळखू येत नव्हते.

मी लतीफाला सरळ सांगितले, की तुमचा मसाला मला द्या, मी माझा गोडा मसाला तुम्हाला देते. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि होकार दिला. आम्ही दोघींनी परस्परांना सगळे जिन्नस समजावून सांगितले, हसून आभार मानले.

पुढच्या मंगळवारी मी म्हटले, "तुमच्या मसाल्याला काही ती लज्जत आली नाही."

"तुमच्याही नाही," लतीफा म्हणाली.

आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो.

"माझी आई सांगायची," लतीफा सावकाश म्हणाली, "सगळं द्यावं, एक जिन्नस मागे ठेवावा."

"माझ्या सासूबाईसुद्धा," मी म्हटले.

त्या दिवसापासून मला ती बाई आवडू लागली. विश्वास मात्र अजूनही नाही.

*

तिथले मुख्य भांडे म्हणजे ताजीन. खाली मातीची पसरट थाळी, वर शंकूसारखे उंच झाकण. भाज्या, छोले, ऑलिव्ह, मिठात मुरवलेले लिंबू सगळे रचायचे, झाकण ठेवायचे आणि मंद आचेवर सोडून द्यायचे. लतीफाचा नियम एकच: मध्येच झाकण उघडायचे नाही. ढवळायचे नाही. हात लावायचा नाही.

आता मला सांगा, चुलीवर काहीतरी शिजते आहे आणि बाईने हाताची घडी घालून उभे राहायचे, हे कोणत्या मराठी बाईला जमेल? आणि जे पाहू देत नाहीत त्यात पाहण्यासारखे काहीतरी असते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

वर्गातल्या इंग्रज बायका निमूटपणे वाइन पीत बसल्या होत्या. मालती नदीवरची बदके पाहत होती. लतीफा दुसऱ्या टोकाला पाव भाजत होती, पाठ आमच्याकडे. विमलने इकडेतिकडे पाहिले आणि झाकण उचलले. वाफेचा लोट उठला. तिने ताबडतोब झाकण ठेवले.

"विमल," लतीफा पाठमोरीच म्हणाली, "झाकण उघडलंस?"

"नाही बाप्पा! मी कशाला उघडू?"

लतीफा सावकाश वळली. विमलच्या चष्म्याच्या दोन्ही काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. लतीफाने कमरेचा नॅपकिन काढून तिच्या हातात दिला.

"आधी पुसून घे," ती म्हणाली. "मग खोटं बोल."

*

खरी अडचण आली ती चव घेण्यावरून.

लतीफा म्हणे, स्वयंपाक करताना पावलोपावली चव घ्या, त्याशिवाय मिठाचा अंदाज यायचा नाही. प्रत्येकीपुढे त्यासाठी चमच्यांचा पेला. आम्ही तिघींनी पेले बाजूला सरकवले. नैवेद्य दाखवण्याआधी अन्न जिभेला लावायचे नाही, लावले की ते उष्टे, हे आमच्या हाडामांसात भिनलेले. मालती तर हॉटेलात असो, विमानात असो, ताटाभोवती पाणी फिरवून, डोळे मिटून नैवेद्य दाखवल्याशिवाय घास घेत नाही.

"मग मीठ कळतं कसं?" लतीफाने विचारले.

"हाताला कळतं," मालती म्हणाली.

"आणि हात विसरला तर?"

हे लतीफाने सहज विचारले की मुद्दाम, हे मला ठरवता आले नाही. मालती गाजराच्या चकत्या थाळीत रचत राहिली, पण एकीवर एक, एकाच जागी.

आमचे चमचे स्वच्छच राहतात हे एका इंग्रज बाईने पाहिले आणि मिस्टर हारवुडना कळवले. ते बिचारे पांढरे पडून धावत आले. हॉटेलवाल्यांना इथे ॲलर्जीची फार भीती!

"मॅडम, आपण चव घेत नाही असं कळलं. कशाची ॲलर्जी आहे का? शेंगदाणे? तीळ?"

"तसं काही नाही," मालती म्हणाली. "आमच्याकडे आधी देव जेवतो."

मिस्टर हारवुड यांनी मान डोलावली. शिष्टाचार असा हवा! चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता त्यांनी विचारले, "आणि त्यांचं काही पथ्य आहे का?"

मालती तितक्याच गंभीरपणे म्हणाली, "सध्या कांदा-लसूण नको. चातुर्मास आहे. कार्तिकीनंतर काही हरकत नाही."

पुढच्या मंगळवारी आमच्या टेबलावर पुठ्ठ्याची छोटी पाटी होती. त्यावर सुरेख अक्षरात लिहिले होते: 'एक पाहुणे, नोव्हेंबरपर्यंत कांदा-लसूण वर्ज्य.'

*

हेरगिरीचे काम मी मन लावून करत होते. प्रत्येक मंगळवारी संध्याकाळी ऋचाला फोन. एकदा मी कळवले, की मालतीने आज जिरे दोनदा घातले.

मग ऋचा म्हणाली, "काकू, आर यू शुअर?"

"मी स्वतः पाहिलं."

"पण विमलकाकू म्हणतात, जिरे घातलेच नाहीत! आणि लतीफा म्हणते, एकदाच घातले, परफेक्ट होते. मी आता काय समजू? तीन रिपोर्ट आणि तीन प्रकारचे जिरे!"

म्हणजे या मुलीने मला, विमलला आणि लतीफालाही कामाला लावले होते! प्रत्येकीला स्वतंत्रपणे 'तुमच्याइतकं ऑब्झर्वंट कोणीच नाहीये' असे सांगून! मला विशेष राग आला तो याचा, की विमललाही हेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी विमलला तिच्या घराच्या दाराशीच गाठले. "विमल, तू हेर आहेस?"

"आणि तुम्ही काय जी, आकाशवाणी?"

"मी जबाबदारीने पाहते."

"पाहता कशा? तुमचा मोतीबिंदू अजून वेटिंग लिस्टवर आहे!"

मग विमलने चहा ठेवला, आणि आम्ही ठरवले, की यापुढे ऋचाला सांगण्याआधी आपसात ताळा करून घ्यायचा. लतीफालाही सामील करून घेतले. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुम्ही दोघी तिच्या हातांकडे जितकं पाहता तितकं भाजीकडे पाहिलं असतं, तर एव्हाना शिकला असता!"

*

एक प्रसंग मात्र आम्ही ऋचाला कळवला नाही. म्हणजे मी विमललाही सांगितला नाही.

वर्ग सुटला होता. हॉटेलच्या दाराशी कोट अडकवायच्या खुंट्या आहेत. मालती त्यांच्यासमोर उभी होती. तिचा राखाडी कोट तिच्या नाकासमोर होता. ती सगळ्या कोटांकडे एकेक करून पाहत होती, दुकानात पाहावे तशी. मग तिने एका इंग्रज बाईचा तांबडा कोट काढला आणि अंगात घातला.

"मालती," मी हळूच म्हटले, "हा तुझा नव्हे."

तिने बाह्यांकडे पाहिले. "माहितेय," ती म्हणाली. "माझा जुना झालाय. म्हटलं, हा कसा दिसतो बघावं."

तिने कोट परत अडकवला, स्वतःचा घातला, बटणे लावली. ती थट्टा होती की सारवासारव? मी तिच्या चेहऱ्याचा ताळा करून पाहिला, जमला नाही.

बसमध्ये ती खिडकीकडे पाहत म्हणाली, "कुसुम, ट्रॉलीवरचं जेवायला मला कमीपणा वाटत नाही गं. आयतं कोणाला नको? पण उद्या तू दुपारी आलीस, भुकेली असलीस, तर मी काय म्हणू? बस, उद्या ट्रॉली येईल?"

"मी जेवूनच येईन."

"तेच तर म्हणतेय," मालती म्हणाली. "मग सगळे जेवूनच येतील."

*

आता शेवटचा मंगळवार.

हॉटेलच्या नदीकडच्या दालनात टेबले मांडली होती. शेखर, ऋचा आणि त्यांची मुलगी मीरा येऊन बसले होते. मीरा इथेच जन्मलेली. गोड पोरगी, पण मराठीतल्या लिंगांशी तिचे काही देणेघेणे नाही. "आजी, तुझा भाजी कधी येणार? माझी पोट खूप भुकेला आहे!" शेखरने टेबलावर मोबाइल ठेवला होता आणि त्याच्याशेजारी किल्ल्यांचा जुडगा. त्यात ती छोटी पितळी किल्ली मला लांबूनही दिसली.

स्वयंपाकघरात मालती एकटी एका शेगडीवर. मदत करायची नाही, सुचवायचे नाही, अशी लतीफाची ताकीद. आम्ही बाजूच्या शेगडीवर आमचे ताजीन रचत होतो. म्हणजे आमचे हात रचत होते. डोळे मालतीवर.

तिने थाळीत तेल घातले. कांदा घातला, कार्तिकी झाली होती. मसाला, केशर, गाजर, बटाटे, छोले, ऑलिव्ह. लिंबाची साल. पाणी. सगळे क्रमाने, न अडखळता. आणि मग तिने झाकण ठेवले.

मी विमलकडे पाहिले. विमलने माझ्याकडे पाहिले. मीठ घालताना मला दिसले नव्हते. पण माझा मोतीबिंदू! विचारायचे कोणाला? विचारले तर ती विसरली हे चारचौघांत उघड होणार. चव घ्यावी तर तिच्या देवाआधी तिचे अन्न उष्टे करायचे, ते मला या जन्मात शक्य नव्हते. आणि अळणी भाजी वाढली तर शेखर पहिल्या घासालाच समजणार. घर, गॅस, भुकेला पाहुणा, सगळे संपले.

थोड्या वेळाने मालती पुदिना आणायला मागच्या वाफ्याकडे गेली. विमल पाव मोजायला भटारखान्यात गेली होती. लतीफा पाहुण्यांशी बोलत होती. स्वयंपाकघरात मी एकटी. मी झाकण उचलले, हाताच्या अंदाजाने बेताचे मीठ सोडले, झाकण ठेवले आणि खिडकीबाहेरच्या बदकांचे निरीक्षण करू लागले. मन शांत झाले.

मग मालती परतली, मला तिने बशा पुसायला बाहेर पाठवले. विमल आत गेली. मग विमलला काहीतरी आणायला पाठवले, लतीफा आत गेली. हे सगळे मला त्या वेळी खटकायला हवे होते. पण माणूस स्वतः एखादे काम गुपचूप करून बसला, की दुसऱ्यांवरचे त्याचे लक्ष उडते.

ताजीन टेबलावर गेले आणि विमल माझ्या कानाशी आली. "कुसुमताई, वाचवलं बरं मी आज! मालतीताई मीठ विसरल्या होत्या. मी टाकलं."

माझ्या हातातली बशी खाली ठेवावी लागली. "विमल... मीसुद्धा."

आमच्या मागे लतीफा उभी होती. तिला मराठी येत नाही, पण आमचे चेहरे वाचायला भाषा लागत नव्हती. "तुम्ही तिच्या भांड्यात काही घातलंत?" तिने विचारले. आम्ही होकारार्थी माना हलवल्या. तिने कपाळाच्या रुमालावर हात मारला. "अरे देवा! मीही!"

तीन बायकांचे मीठ! शिवाय मालतीने घातले असलेच तर तिचे. शिवाय ऑलिव्हचे, शिवाय लिंबाचे, जे महिनाभर मिठातच मुरलेले! लतीफा म्हणाली, "मी भांडं बदलते. पडलं म्हणून सांगते." ती टेबलाकडे धावली. पण मालतीने वाटीतले पाणी भांड्याभोवती फिरवले होते आणि डोळे मिटले होते. नैवेद्य चालू असताना भांडे उचलणार कोण? लतीफा तशीच थबकली. कसे कोण जाणे, तिला ते कळले.

मालतीने डोळे उघडले आणि झाकण उचलले.

ताजीन सगळ्यांनी एकाच थाळीतून खायचे असते. पावाचा तुकडा तोडायचा आणि आपापल्या बाजूचे खायचे. दुसऱ्याच्या बाजूला हात घालणे असभ्य. शेखरने पाव तोडला. भाजी उचलली. तोंडात घातली. मी विमलचा दंड धरला होता. तिच्या दंडावर दुसऱ्या दिवशीही वळ होता, असे ती म्हणते.

शेखर चावत राहिला. दुसरा तुकडा तोडला. तिसरा. मान खाली. शेवटी ऋचाचा आवाज आला:

"शेखर! ही माझी साइड आहे!"

"सॉरी," तो म्हणाला, आणि मीराच्या बाजूचा बटाटा उचलला.

"बाबा! माझी बटाटा!"

आम्ही तिघींनी एकाच वेळी पाव तोडून थाळीत हात घातला. शिष्टाचार गेला खड्ड्यात! मी घास जिभेवर ठेवला. मीठ तंतोतंत होते. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. लतीफा माझ्याकडे पाहत होती, मी विमलकडे, विमल थाळीकडे.

जेवण झाले. शेखरने जुडग्यातून ती पितळी किल्ली सोडवली. नख तुटेपर्यंत खटपट केली, पण सुरी मागितली नाही. ती त्याने आईच्या बशीशेजारी ठेवली. "आई," तो म्हणाला, "दूध ठेवलंस की दार उघडायचं नाही."

"पार्सलवाल्याला आत बोलावीन," मालती म्हणाली, आणि किल्ली ब्लाउजमध्ये खोचली.

मला मात्र चैन पडेना. भांडी घासायच्या मोरीशी मी तिला एकटीला गाठले. लतीफा आणि विमल दाराशी उभ्या, ऐकत नसल्यासारख्या.

"मालती, खरं सांग. तू मीठ किती घातलं होतंस?"

मालतीने झाकण धुतले, उलटे करून निथळत ठेवले, हात पुसले.

"मी?" ती म्हणाली. "मी कुठे घातलं? म्हटलं, तुम्ही तिघी आहात की!"